गाजलेल्या कलावंतांचं म्हातारपण असं का गेलं?

जुनी_रिळं

आमच्या वाचनालयाचा हस्तलिखित दिवाळी अंक निघतो. यंदा माझ्याकडे विषय आलाय तो असा : एके काळी ज्यांच्या नावावर तिकिटं खपायची, त्या कलावंतांचं पुढे काय झालं? चार नावं पक्की केलीत. भगवानदादा, बालगंधर्व, विठाबाई नारायणगावकर आणि मास्टर विठ्ठल.

मिळेल ते वाचतेय, पण प्रत्येक लेख एकाच वळणाने जातो. आधी वैभव, मग ‘उधळा स्वभाव’, ‘पैसा हाती टिकला नाही’, ‘माणसं ओळखता आली नाहीत’, आणि शेवटी चाळीतली खोली नाहीतर इस्पितळाचं बिल. ही चार माणसं चार वेगळ्या धंद्यांतली. एक मूकपटांचा हीरो, एक संगीत नाटकातला स्त्रीपार्टी, एक तमाशाच्या फडावर नाचणारी बाई, एक सिनेमावाला. या सगळ्यांचा स्वभाव एकसारखाच कसा असेल? मला हे पटत नाही आणि अंकात मी तसं लिहिणार नाही.

इथे कुणी या जगात आत राहून काम केलंय का? पैसा कसा यायचा, कसा जायचा, कागदावर काय असायचं, हे ज्याने पाहिलंय त्याच्याकडून ऐकायचंय. ऐकीव किस्से माझ्याकडे भरपूर जमलेत.

तिकीटबारी

ताई, उधळपट्टी अजिबात नव्हती असं म्हणून चालणार नाही. भगवानदादा आमच्या दादरचे. पूर्ण नाव भगवान आबाजी पालव, जन्म १९१३ चा, वडील गिरणीत कामाला. १९५१ ला ‘अलबेला’ आला. सी. रामचंद्रांचं संगीत, जोडीला गीता बाली. सिनेमा तुफान चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या, हे तर सगळीकडे छापून आलेलं आहे. मग पुढचे सिनेमे पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या आणि दादा परत दादरच्या चाळीत राहायला आले. नंतर किती वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत मिनिट-दोन मिनिटांची कामं केली त्यांनी. ४ फेब्रुवारी २००२ ला गेले.

आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली आली की वाजवणारे थांबायचे, ‘अलबेला’ची गाणी धरायचे आणि दादा खाली येऊन नाचायचे. खांदे हलकेच उडवत, हात अर्धे वर, पाय जमिनीवरून फारसे न उचलता. ती त्यांची चाल पुढे अमिताभ बच्चननीही घेतली.

इतका मोठा कलावंत. म्हणूनच वाईट वाटतं की सात गाड्या ठेवण्याऐवजी थोडं बाजूला टाकलं असतं, तर म्हातारपण सुखाचं गेलं असतं.

राहुटीवाला

तिकीटबारीदादा, तुमचा जीव तुटतो ते कळतं. पण सात गाड्यांचा हिशोब एकदा नीट मांडा. गाड्या शेवटी विकल्या गेल्या, म्हणजे गाड्यांनी कर्ज केलं नाही, फेडायला हातभारच लावला. बंगल्याचंही तेच. मग कर्ज झालं कशाने? दादांची स्वतःची जागृती पिक्चर्स ही संस्था होती, चेंबूरला स्टुडिओ उभा केला होता. ‘अलबेला’त जे मिळालं ते त्यांनी पुढच्या सिनेमांत घातलं. १९५३ चा ‘झमेला’ त्याच धर्तीवर काढला, तो तसा चालला नाही. तरी थांबले नाहीत, सिनेमे काढतच राहिले. नट म्हणून हा माणूस कधीच बुडाला नाही, बुडाला तो निर्माता म्हणून. तो पुढचा सिनेमा चालला असता तर याच वागण्याला आपण जिद्द म्हटलं असतं.

जुनी_रिळं ताई, तुम्ही विचारलंत आत कोण होतं. मी तमाशाच्या फडाचा मॅनेजर होतो. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, तिथे बसून सुपाऱ्या, म्हणजे गावोगावच्या खेळांचे करार, लिहिण्यात माझं तरुणपण गेलं. सिनेमा मी लांबूनच पाहिला. फडाचं मात्र आतून ठाऊक आहे, आणि विठाबाईंचं नाव तुमच्या यादीत आहे म्हणून सविस्तर लिहितो. हे कुणीतरी लिहून ठेवायलाच पाहिजे.

फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि वैशाखात संपतं. पावसाळ्यात काम नाही. पण लग्न, दुखणं, पोरांच्या शाळा हे सगळं नेमकं पावसाळ्यात येतं. तेव्हा कलावंत मालकाकडे येतो आणि उचल घेतो. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाचा मोबदला आगाऊ. स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचं, खाली सही नाहीतर अंगठा. मग हंगामभर कपात चालू. वैशाख उजाडतो तेव्हा बहुतेकांच्या अंगावर थोडीफार उचल राहिलेलीच असते, ती पुढच्या वर्षीच्या उचलीत धरायची. एखादी नाचणारी बाई दुसऱ्या फडात जायची म्हणाली तर नव्या मालकाने तिची बाकी चुकती करायची, मगच ती सुटणार. नाव कितीही मोठं असो, ते नाव त्या कागदाला बांधलेलं असायचं.

लोकांना वाटतं मग मालक गब्बर असेल. मालक एवढ्या माणसांची उचल आणतो कुठून? व्यापाऱ्याकडून, व्याजाने. वर तंबू, ट्रक, जनरेटर, लाइट, साउंड, पन्नास-साठ माणसांचं दोन वेळचं जेवण. अवकाळी पाऊस आला, निवडणुकीची आचारसंहिता लागली, गावात तंटा झाला, की त्या रात्रीचा गल्ला शून्य आणि व्याज मात्र चालूच. पुढे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंदचा नियम आला. आमचा वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, रंगात यायचाच मुळी बारानंतर. गण, गवळण, बतावणी हे त्याआधीचे भाग होईपर्यंत दहा वाजून जातात. म्हणजे ज्यासाठी लोक तिकीट काढतात तोच भाग कायद्यात बसेना.

विठाबाई कलावंतही होत्या आणि मालकही. वडील भाऊ आणि चुलते बापू, ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा त्यांच्या घरचा फड. विठाबाईंना १९५७ ला आणि पुन्हा १९९० ला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. सगळे ती कलेची निष्ठा म्हणून सांगतात. निष्ठा होतीच, तिला माझा दंडवत आहे. पण तिकीटखिडकीच्या मागे बसलेल्या माणसाला त्या रात्रीत आणखी एक गोष्ट दिसते. जिच्या नावावर तंबू भरलाय ती बाई अर्ध्यात बसली तर पब्लिक पैसे परत मागतं, कनाती फाडतं. परत द्यायला पैसे असतात कुठे? ते संध्याकाळीच किराणा आणि डिझेलला गेलेले असतात. ती बाई परत बोर्डावर गेली तेव्हा तिच्या मागे सबंध फडाचं जेवण उभं होतं. कौतुक करताना हे कुणी सांगत नाही याचा मला फार त्रास होतो.

१५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. शेवटच्या आजारात इस्पितळाच्या खर्चासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले. आणि भगवानदादा गेले ते बरोबर वीस दिवसांनी. तिकीटबारीदादांची तारीख वाचली तेव्हा हे लक्षात आलं. मागाहून शासनाने विठाबाईंच्या नावाने तमाशातल्या कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो चांगलाच झाला. पण विठाबाई उधळ्या होत्या म्हणून अशा गेल्या, हे वाक्य कुठे वाचलंत तर तिथेच खोडा. त्यांनी उधळलं असं मी कधी ऐकलं नाही. त्यांनी माणसं पोसली.

जुनी_रिळं

काका, हे असं मला कुठल्याच लेखात मिळालं नव्हतं. मनापासून आभार.

मग बालगंधर्वांचं काय म्हणाल? तिथे तर सरळ त्यांच्या कंपनीत आलेल्या गायिका गोहरबाईंवर खापर फोडलेलं दिसतं. त्या आल्या आणि वैभव गेलं, असं. काही ठिकाणी अत्तर आणि भरजरी शालूंचा खर्च.

राहुटीवाला

नाटक कंपनी माझा प्रांत नाही, पण तारखा लावून बघा, तारखाच बोलतात.

गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ ला. १९२१ च्या सुमारास कंपनी कर्जात रुतली. ‘संयुक्त मानापमान’चा गाजलेला प्रयोगही त्याच वर्षीचा, ८ जुलै १९२१, टिळक स्वराज्य फंडासाठी. नायक धैर्यधर केशवराव भोसले आणि नायिका भामिनी बालगंधर्व. म्हणजे नाव शिखरावर आणि पायाखाली कर्ज, हे दोन्ही एकाच वेळी. त्या वेळी नादारी घ्या, म्हणजे दिवाळखोरी जाहीर करा, असा सल्ला मिळत होता. बालगंधर्वांनी ती घेतली नाही. गाऊन, प्रयोग करून पुढच्या काही वर्षांत देणं फेडलं. आता गोहरबाई कंपनीत आल्या १९३८ च्या आसपास. त्यांच्या येण्याआधी सतरा वर्षं कंपनी एकदा बुडून वर आली होती. मग त्यांच्यामुळे बुडाली हे कसं म्हणता?

दुसरं, या मधल्या काळात काय झालं ते बघा. १९३१ ला सिनेमा बोलायला लागला, गायला लागला. कंपनीचा प्रपंच केवढा : मखमली पडदे, ऑर्गन, सारंगी-तबल्याचे मातब्बर साथीदार, आचारी, बिऱ्हाडं. गावोगाव हा सगळा डोलारा हलवायचा. आणि शेजारच्या थेटरात काही आण्यांत बोलपट. बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीशी हात मिळवून १९३५ ला ‘धर्मात्मा’त संत एकनाथांचं काम केलं. चाळिशी उलटलेली, आणि जन्मभर स्त्रीवेषात पाहिलेला माणूस पुरुषाच्या वेषात. लोकांना ते पचलं नाही, आणि त्यांचाही जीव तिथे रमला नाही. ते रंगभूमीवर परत आले. पण ज्या रंगभूमीवर परत आले ती तोवर ओसरत चालली होती.

गोहरबाईंचं गाणं मी रेकॉर्डवर ऐकलंय. थेट बालगंधर्वांच्या वळणाचं. १९५१ ला दोघांचं लग्न झालं. पुढे बालगंधर्वांचे पाय गेले, आणि त्या अवस्थेत ज्या बाईने त्यांचं सगळं केलं तिच्याच नावाने लोकांनी बोटं मोडली. गोहरबाई १९६४ ला गेल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ ला तेही गेले. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ ला उघडलं. ताई, तुमच्या अंकात गोहरबाईंना न्याय द्या, एवढी विनंती आहे.

गिरगावकर

मास्टर विठ्ठलवर मी लिहितो. मूकपटांत तलवारबाजी करणारा मराठी हीरो, त्या काळी तुफान लोकप्रिय. १४ मार्च १९३१ ला आमच्या गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, त्याचा नायक हाच. पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक! हे काम घेतलं म्हणून आधीच्या कंपनीने करार मोडल्याचा दावा लावला. कोर्टात विठ्ठलची बाजू मांडली बॅ. जीनांनी, आणि तो सुटला.

पुढचं मात्र वाईट. त्याची हिंदुस्थानी बोलण्याची धाटणी साफ नव्हती. म्हणून पहिल्या बोलपटात नायकालाच बराच वेळ बेशुद्ध, न बोलणारा ठेवावं लागलं. नंतर मराठी चित्रपटांत त्याने पुष्कळ कामं केली, पण ती हळूहळू लहान होत गेली. १९६९ ला गेला. इथे तर उधळपट्टीचा प्रश्नच येत नाही. बाजारात जे चालत होतं ते एका वर्षात बदललं आणि उडी-तलवारीची किंमत उतरली, उच्चाराची वाढली.

त्याच लाटेत सुलोचना ऊर्फ रूबी मायर्स सापडल्या. त्या पुण्याच्या, आधी टेलिफोन ऑपरेटर, मग मूकपटांतली सगळ्यांत महागडी नायिका. बोलपट आल्यावर त्या काही काळ बाजूला झाल्या, हिंदुस्थानी शिकल्या आणि परत आल्या. चालल्याही. पण पुढे कामं आटत गेली, चरित्र भूमिकांवर आल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तरी १९८३ ला गेल्या तेव्हा किती जणांना कळलं? तुमच्या यादीत त्यांना घ्या.

नाट्यवेडी

सगळ्यांचंच वाईट झालं असं चित्र नको उभं राहायला. राजा गोसावींचं बघा. १९५२ च्या ‘लाखाची गोष्ट’चे ते नायक, आणि पुण्यातल्या भानुविलास थेटरात तो सिनेमा लागलेला असताना तिथल्या बुकिंगवर बसून तिकिटं तेच द्यायचे, अशी आठवण पुण्यात अजून सांगतात. पुढे शेवटपर्यंत रंगभूमीवर काम करत राहिले.

सुलोचनाबाई चव्हाण. लावणी ठसक्यात गायची आणि पदर डोक्यावरून ढळू द्यायचा नाही. २०२२ ला पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरात गेल्या, घरच्या माणसांत. कमलाबाई गोखले १९१३ ला आपल्या आई दुर्गाबाई कामत यांच्याबरोबर फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. एकाच घरातल्या चार पिढ्या शंभर वर्षांहून जास्त काळ या व्यवसायात मानाने राहिल्या.

आणि रंजना! हे नाव यादीत नाही याचं मला नवल वाटलं. ऐंशीच्या दशकात मराठी सिनेमा तिच्या नावावर चालायचा. १९८७ ला शूटिंगला बंगळूरकडे जाताना अपघात झाला आणि ती पायांवर उभी राहू शकली नाही. तरी ‘फक्त एकदाच’ हे नाटक तिने व्हीलचेअरवर बसून केलं. मी ते पाहिलंय. पहिल्या प्रवेशात चेहऱ्यावर उजेड आला तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि तिने टाळ्या संपायची वाट न पाहता पुढचं वाक्य घेतलं, खणखणीत आवाजात. ती दया मागायला तिथे आली नव्हती. मार्च २००० मध्ये ती गेली. पंचेचाळिशीच्या आसपास होती.

गणपत पाटलांबद्दलही कुणी लिहा. नाच्याच्या भूमिका त्यांनी इतक्या जिवंत केल्या की लोक त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच समजायला लागले. बायको-मुलांच्या संसारी माणसाला आणि त्याच्या मुलाबाळांना ते जन्मभर सोसावं लागलं. गरिबीपेक्षा हे कमी का आहे?

कोर्टकचेरी

राहुटीवाले काकांच्या ‘कागदा’त थोडी कायद्याची भर घालतो, कारण ताईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

पूर्वी चित्रपटासाठी गाणं लिहिलं, चाल लावली, की ठरलेले पैसे एकदाच मिळायचे आणि हक्क निर्मात्याकडे जायचे. १९७७ ला सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला : चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर. गाणं रेडिओवर वाजो, लग्नात वाजो, जाहिरातीत वाजो, लिहिणाऱ्याला काही नाही. नट आणि गायक यांना तर ‘कलावंताचा हक्क’ म्हणून कायद्यात जागाच १९९४ ला मिळाली.

२०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला. आता गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारातसुद्धा काढून घेता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजतं तेवढं वगळून. गायकांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आला.

आता तुमच्या भगवानदादांचा हिशोब करा. चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट साठ वर्षांचा. १९५१ चा ‘अलबेला’ २०११ संपताना त्यातून बाहेर पडला. कायदा बदलला त्याच्या पुढच्याच वर्षी. दादा तर त्याआधी दहा वर्षं गेले होते. ज्या गाण्यांवर इतक्या वराती नाचल्या, त्या नाचाचा हिशोब त्यांच्या हयातीत कुठल्याच वहीत मांडायची सोय नव्हती. तमाशाचं त्याहून अवघड, कारण वग लिहून, छापून क्वचितच ठेवलेला असतो. जे कागदावर नाही त्यावर हक्क कसा सांगणार?

घाटावरची

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे चुलत आजोबा फडावर सोंगाड्या होते. लोक अजून त्यांच्या बतावणीतले संवाद म्हणतात. आता वय झालंय, ऐकू कमी येतं. सरकारी मानधनासाठी अर्ज करा असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे पुरावा म्हणून एक कागद नाही. आजोबा म्हणतात, मला सगळा मुलूख ओळखतो, कागद कशाला?

राहुटीवाला

ताई, हेच दुखणं आहे. फड सुटल्यापासून मी जुन्या कलावंतांचे अर्ज भरून देतो, म्हणून सांगतो. एक ढोलकीवाले माझ्याकडे पिशवीभर हँडबिलं घेऊन आले होते. पिवळी, गुलाबी, हिरवी, घड्यांवर फाटलेली, जपून ठेवलेली. एकेक उलगडून पाहिलं. वर मालकाचं नाव मोठ्या टायपात, खाली दोघी-तिघी नाचणाऱ्यांची नावं, सोंगाड्याचं नाव, आणि शेवटची ओळ ‘व इतर सहकलाकार’. आयुष्यभर या माणसाने ज्या फडाला ताल दिला, त्याच्या एकाही हँडबिलावर त्याचं नाव नव्हतं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, ‘हे इतर म्हणजे मीच.’ आता हे मानधनाचे अर्ज तपासणाऱ्या समितीपुढे सिद्ध कसं करायचं?

शेवटी सिद्ध झालं ते आकाशवाणीमुळे. पुणे केंद्रावर एका फडाबरोबर त्यांनी कार्यक्रम केला होता. आकाशवाणी कार्यक्रमाआधी कलावंताला करारपत्र पाठवते, त्यावर नाव, तारीख आणि मानधनाचा आकडा असतो. तो एक कागद ट्रंकेत तळाशी, साडीच्या खोक्यात सापडला.

तुमच्या आजोबांचं काम तुलनेने सोपं आहे, कारण सोंगाड्याचं नाव हँडबिलावर बहुधा असतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने असलेली ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना आहे. वयाची अट पन्नास. आधी अ, ब, क अशा श्रेणी लावून वेगवेगळी रक्कम मिळायची, २०२४ पासून सरसकट महिना पाच हजार रुपये केलेत. कलावंत गेल्यावर पती किंवा पत्नीला ते पुढे मिळतं, म्हणून आजी असतील तर त्यांचंही नाव आणि आधार आत्ताच जोडा. वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेचं पासबुक लागतं. हे सगळं मिळतं. अडतं ते फक्त कलेच्या पुराव्यावर.

तो असा गोळा करायचा. ज्या गावांच्या जत्रेत त्यांचा फड नेमाने जायचा, तिथल्या यात्रा कमिटीच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या बघायच्या. सुपारी कुणाला, किती दिली हे त्यांत असतं, आणि चांगल्या सोंगाड्याला खूश होऊन दिलेलं बक्षीसही कधी कधी नावानिशी लिहिलेलं असतं. फडमालक हयात असतील तर त्यांच्या लेटरहेडवर पत्र घ्या. नसतील तर आता फड चालवणाऱ्या त्यांच्या मुलानातवाकडून घ्या. शाळेच्या इमारतीसाठी, देवळासाठी मदतीचे खेळ खूप व्हायचे, त्या शाळांनी दिलेली आभारपत्रं असतात. घरातल्या फोटोंची मागची बाजू बघा, फोटोवाल्याचा शिक्का आणि साल मिळतं. आणि आजोबांना बसवून त्यांच्या बतावण्या मोबाइलवर बोलून घ्या, पुराव्यासाठीच नव्हे, त्या दुसरीकडे कुठे उरलेल्या नाहीत म्हणूनही. ऐकू कमी येत असेल तर प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा, ते आपोआप सुरू होतील.

२०२१ च्या मे महिन्यात कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या, तेव्हा सगळे फड बंद होते. त्या दोन हंगामांत आमच्यातली बरीच जुनी माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर सगळी माहितीही गेली. तेव्हा दिवाळीनंतर बघू असं करू नका. आजोबांना आजच विचारा, कुठल्या कुठल्या फडांबरोबर होते आणि आकाशवाणीवर कधी गेले होते का. फडांची नावं इथे टाका. बहुतेक मालकांच्या घरी माझं जाणं-येणं आहे, पत्राचं मी बघतो.